डाव्या डोळ्यातली चमक

“हे काय चमकतंय?”

शिरगावकर सरांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि शरूचा अर्धा गाल झाकून टाकला. चित्र थांबवलेलं होतं. साडेचार वर्षांची मुलगी, आंब्याखाली उकिडवी बसलेली, मान किंचित वर, ओठ विलग. ती ज्याच्याकडे टक लावून पाहत होती तो काठीला टोचलेला एक पिवळा टेनिसचा चेंडू होता. पुढे त्या चेंडूच्या जागी आम्ही रेखाटलेलं खवल्या मांजर येऊन बसायचं होतं. तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली काळीभोर होती. डाव्या बाहुलीत मात्र मोहरीएवढा पांढरट ठिपका होता.

“दिवा असेल,” मी म्हणालो.

“दिवाच. कॅमेऱ्याच्या नाकावर बांधलेला तो छोटा. पोरांचे डोळे जिवंत दिसावेत म्हणून लावतात.” सरांनी बोट काढलं. “काढून टाक ती चमक. पोरगी मांजरासारखी दिसतेय. एक मांजर आहे आपल्याकडे, तेवढं पुरे.”

“सर, खवल्या मांजर हे मांजर नसतं,” मागच्या टेबलावरून तस्नीम म्हणाली.

“तू मला शिकवू नकोस. नावात मांजर आलं की लोकांच्या लेखी मांजरच.”

“मग नावात खवले पण आहेत. मासा म्हणतील.”

सर हसले, पण मी हसलो नाही, कारण मी तोवर तो ठिपका मोठा करून पाहू लागलो होतो. तस्नीम माझ्या पाठीकडे पाहत म्हणाली, “झालं. मुका गेला समाधीत.”

त्या चित्रपटाचं नाव ‘खवलू’. त्यात माणसं खरी होती, कोकणातलं गाव खरं होतं, आणि वाट चुकलेल्या मुलीला घरी पोचवणारा खवलू तेवढा चित्रातला. पुण्यात एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर आम्ही सहाजण सहा महिने हे काम करत होतो. मिरजेची तस्नीम मुजावर खवलूला चालवायची, रडवायची, वेटोळं करून निजवायची. माझं काम त्याहून खालचं होतं. खरं आणि रेखाटलेलं यांच्यामधली शिवण पुसून टाकायची: चेंडू, काठी, तार, चुकून डोकावलेली चप्पल. चौकटीत नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकच शब्द होता, ‘घाण’. रोज सकाळी मी घाणीची यादी करायचो. त्या दिवशी यादीच्या शेवटी मी लिहिलं: शरू, डावा डोळा, चमक.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि माणसांकडे पाहायला मला संकोच वाटे. समोरचा बोलू लागला की माझी नजर त्याच्या शर्टाच्या गुंडीवर जाऊन बसायची. म्हणूनच कदाचित हे काम मला मानवलं. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे तासन्‌तास पाहिलं तरी तो उलटून आपल्याकडे पाहत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत शरूचं बुबुळ, त्यातल्या तपकिरी रेषा, पापणीची हलकी सावली. तिच्या आईनेही तो चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ पाहिला नसेल, असं मला वाटे आणि त्याचा एक चोरटा अभिमानही वाटे.

सोपा उपाय उजवा डोळा उचलून डावीकडे बसवण्याचा होता. पण तशाने चेहरा मेणाचा दिसतो. मी डावी बाहुली स्वतः काढली. मऊ काळी, कडेला किंचित तपकिरी, वर आभाळाचा एक बारीक कवडसा. काही शॉट्समध्ये तो डोळा चेंडूवरून जरा बाहेरच्या बाजूला ढळलेला असे. लहान मूल, दमलं असेल. तीही नजर मी सरळ करून खवलूच्या नजरेत मिसळवली. असे एकेचाळीस शॉट्स झाले. शेवटच्या महिन्यातल्या चित्रीकरणात चमक मोठी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथे मला जास्त वेळ लागला. कॅमेरामनने दिवा बदलला असावा, असं मी टिपणात लिहून ठेवलं.

“अरे, हा डोळा बघा,” पूर्ण झालेला पहिला शॉट पाहून सर सगळ्यांना म्हणाले होते. “खरा कुठे संपतो आणि याचा कुठे सुरू होतो, शोधून दाखवा.” कोणालाच शोधता आलं नाही. त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बसमध्ये बसून तो आनंद कोणाच्या खांद्याला घासू द्यावा, असं वाटलं नाही.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शरूची आई मुलीला घेऊन आवाज मुद्रित करायला कोल्हापूरहून आली. सुलक्षणाताई बागल. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि दारात उभं राहूनही वर्गाच्या दारात उभं राहिल्यासारख्या वाटायच्या. शरू आत मुद्रणाच्या खोलीत होती; याआधी वडिलांबरोबर यायची तेव्हा ती माझ्या टेबलाशीच चित्रं काढत बसायची. तिचं खिदळणं भिंतीतून येत होतं.

“तुम्हीच का ते निरंजन? शरू सारखं नाव घेती तुमचं. हे घ्या, पाडव्याच्या पोळ्या. गार झाल्यात, पण तूप आहे भरपूर.”

मी उठून उभा राहिलो आणि पोळ्या कुठे ठेवाव्यात ते न सुचून हातातच धरल्या.

“बसा की. तुमच्याकडं एक काम होतं.” त्यांनी आवाज उतरवला. “तुम्ही रोज एवढं जवळनं बघता तिला. डोळ्यात काही दिसतं का ओ तिच्या?”

“डोळ्यात?”

“डाव्या. सासूबाई म्हणतात, संध्याकाळी दिवा लावला की चमकतो. मला पण एकदा वाटलं. हे म्हणतात, तुम्हा दोघींना भास होतो, पोरगी पडद्यावर झळकायची म्हणून आताच चमकायला लागली.” त्या हसल्या, पण त्यांची नजर माझ्या पडद्यावर होती. “बघू का जरा?”

मी खुर्ची सरकवली आणि आंब्याखालचा तो शॉट लावला. पूर्ण झालेला. अपुरं काम बाहेरच्यांना दाखवायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता, आणि खरं सांगायचं तर मला तोच दाखवायचा होता. शरूने मान वर केली, खवलूने फांदीआडून तोंड काढलं, आणि तिचे दोन डोळे त्याच्यावर स्थिरावले.

“इथं थांबवा,” त्या म्हणाल्या. “मोठं करा की.”

मी मोठं केलं. त्या वाकल्या. डाव्या डोळ्याकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मला काढतानाचा प्रत्येक फटकारा आठवला.

“काही नाही ना?”

दिव्याची चमक होती, मी ती पुसली, हा डोळा मी काढलेला आहे. तीन वाक्यं लागली असती, आणि ती बोलताना त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी छातीवर हात ठेवला. “पाण्यागत स्वच्छ आहे की ओ! बघा, एवढं मोठं करून दिसलं नाही, म्हणजे नाहीच. कसं घाबरवलं होतं मला त्या म्हातारीनं.” जाताना दारातून त्या वळल्या. “पोळ्या खावा हं. हातात धरून बसू नका.”

त्यानंतर पाच आठवडे गेले. चित्रपट उन्हाळ्याच्या सुट्टीत लागायचा होता आणि प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. दुपारी छायाचित्रकार यायचे होते म्हणून शरूला नवा फ्रॉक घालून आणलं होतं. सर आणि सुलक्षणाताई पुढच्या खोलीत बोलत बसले होते. शरू सटकून माझ्या टेबलाशी आली.

“दादा, खवलू काढ.”

मी खवलू काढला.

“आता त्याला उडी मारायला लाव.”

“कागदावर कशी मारेल?”

“तू मारायला लावतोस की. टीव्हीत.”

मग मला एक जुनी गंमत आठवली. आमच्या कामाला लागणारं प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात ती शिकतं. नाकासमोर बोट धरायचं, एक डोळा झाकायचा, मग दुसरा. बोट न हलता उडी मारतं. चित्र न काढता केलेलं हे सगळ्यात सोपं चलच्चित्र.

“बोट धर असं. हा, नाकासमोर. आता या हाताने हा डोळा झाक.”

तिने डावा झाकला. “झाकला.”

“बोट दिसतंय?”

“दिसतंय की. नखाला रंग पण दिसतोय. आईनं लावला.”

“आता तो हात काढ आणि हा दुसरा झाक. बघ, बोट उडी मारेल.”

तिने डावा डोळा उघडला आणि उजव्यावर तळवा ठेवला. मी तिच्या चेहऱ्यावर हसू उमटायची वाट पाहत होतो.

“लाईट गेली,” शरू म्हणाली.

माझ्या टेबलावरचा दिवा चालू होता. खिडकीतून मे महिन्याचं ऊन तिच्या फ्रॉकवर पडलं होतं.

“परत करून बघ.”

तळवा काढला. “आली.” तळवा ठेवला. “गेली.” आता तिला हसू फुटलं. खेळ हाच आहे, असं तिला वाटलं. “आली! गेली! दादा, तू कशी घालवतोस रे?”

“शरू, हात तसाच ठेव. माझी पेन्सिल घे बघू.”

मी पेन्सिल तिच्या उघड्या डाव्या डोळ्यासमोर धरली, वीतभर अंतरावर. तिने हात पुढे केला आणि हवेत उजवीकडे चाचपला.

“अंधारात कशी सापडेल?” ती वैतागून म्हणाली.

ती नेहमी माझ्या डाव्या हातालाच का बसायची, आणि दुसऱ्या बाजूने हाक मारली की अख्खी मान का वळवायची, ते सगळं एकदम समोर आलं. मी तिच्या हाती कागद आणि रंगखडू दिले आणि पडद्याकडे वळलो.

मूळ चित्रीकरण आम्ही कधी पुसत नसू. एकेचाळीस शॉट्स, माझा हात न लागलेले, मी तारखेच्या क्रमाने लावले. चित्रपटात ते कसेही विखुरलेले होते. तारखेने मी ते कधी पाहिलेच नव्हते. दिवाळीनंतरच्या पहिल्या शॉटमध्ये मोहरी. संक्रांतीला तीच तांदळाच्या कणीएवढी. फेब्रुवारीत ज्वारीचा दाणा, आणि शेवटच्या शॉटमध्ये बाहुलीचा निम्मा काळोख पांढरा झालेला. शेतात पीक वाढावं तसं ते वाढत गेलं होतं. ते रोज बघणारा एकटा मी होतो, आणि रोज संध्याकाळपर्यंत मी ते खुडून टाकत होतो.

तस्नीम चहा घेऊन आली. “काय रे, झालेलं काम परत उकरून काढतोयस?”

“तस्नीम, ही चमक दिव्याची आहे ना?”

तिने कप ठेवला आणि वाकून पाहिलं. पहिला शॉट, दहावा, पंचविसावा. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू विझली.

“दिवा एकाच डोळ्यात कसा चमकेल, निरंजन?” ती म्हणाली.

सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली होती. तिने विचारलेला प्रश्न पहिलीतल्या मुलानेही विचारला असता. दिवा एक, डोळे दोन, दोन्ही त्याच्याकडे वळलेले. मी, सरांनी, कॅमेरामनने, कोणीच तो विचारला नव्हता, कारण चौकटीतल्या घाणीला आम्ही ‘कशी पुसायची’ एवढंच विचारत आलो होतो.

आम्ही सरांना बाहेर बोलावलं. त्यांनी शॉट्स पाहिले आणि खुर्चीची पाठ धरली. “अरे देवा,” ते म्हणाले. मग घड्याळ पाहिलं. “हे बघ, फोटोवाले आलेत. उद्या सकाळी वाहिनीवर मुलाखत आहे. परवा नेऊ. पुण्यातल्या सगळ्यात चांगल्या डॉक्टरकडे, मी स्वतः येतो बरोबर. दोन दिवसांनी काय फरक पडतोय? आताच त्या बाईला...”

“आज,” मी म्हणालो.

“निरंजन, ऐक...”

“आज, सर. मी सांगतो त्यांना.”

सुलक्षणाताई आल्या तेव्हा हातात शरूच्या केसांची रिबीन होती. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. काय बोलायचं ते मी मनात चारदा जुळवलं होतं. मी फक्त शॉट्स सुरू केले. पंधराव्या का सोळाव्या शॉटला त्यांनी रिबीन बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. शेवटचा शॉट आला तेव्हा बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

“हे कधीचं?”

“दिवाळीपासूनचं. तारखा आहेत.”

“आणि त्या दिवशी तुम्ही मला दाखवला तो? तो डोळा?”

“तो मी काढलेला.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या नजरेतून नजर काढून घेतली नाही, कारण तेवढंसुद्धा मला जमलं नसतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तेव्हा तो असता तर मी त्याला धरून उभा राहिलो असतो.

“मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती मी,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या, वर्गात मुलांना लिहून घ्यायला सांगावं तशा. “पाडव्याच्या आठवड्यातली. इथनं निघाल्यावर गाडीतनंच फोन केला. म्हटलं, नको आता. स्वच्छ आहे. मी स्वतः बघितलंय.”

पलीकडे सर छायाचित्रकारांना काहीतरी सांगून परत पाठवत होते. आज त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्यांनी त्या दिवशी कोणतं कारण सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुण्यातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी चारच्या सुमाराला पाहिलं. शरूचे वडील कोल्हापूरहून निघाले होते, पोचायला संध्याकाळ होणार होती, म्हणून सुलक्षणाताई मला म्हणाल्या, “तुम्ही आत या. तारखा तुम्हाला माहिती आहेत.” बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर शरू रडली, मग थांबली, मग आईच्या मांडीवरून उतरून टेबलाच्या कडेशी उभी राहिली आणि फायलीच्या पाठीमागे खवलू काढू लागली. डॉक्टर वयस्क होत्या, शांत. त्यांनी मला विचारलं, चमक पहिल्यांदा केव्हा दिसली? मी तारीख सांगितली. मोठी केव्हा झाली? मी तारीख सांगितली. नजर ढळू लागली ती? तीही सांगितली. त्या लिहून घेत होत्या. एवढा नेमका तपशील आईबाप क्वचित देऊ शकतात, असं त्या म्हणाल्या.

“डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे,” त्यांनी सुलक्षणाताईंना सांगितलं. “उजवा डोळा स्वच्छ आहे. आज पाहिलं त्यावरून ती बाहेर पसरलेली दिसत नाही. आणखी तपासण्या करू, पण जिवाचा धोका टळेल असं मला वाटतं. मात्र आता थांबायचं नाही.”

“गाठ काढता येईल?”

“गाठ वेगळी काढता येण्याजोगी राहिलेली नाही.”

“पाच आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही.”

सुलक्षणाताईंनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या पंख्याचा वारा फायलीचं पान उचलत होता आणि शरू ते कोपराने दाबून धरत होती.

“म्हणजे काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“डोळा काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

शरूने खडू थांबवला. फायलीवरून मान वर करून तिने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग, सबंध चेहरा वळवून, माझ्याकडे.

“दादाला सांगा,” ती म्हणाली. “तो छान काढतो.”